‘बोली’ कोणाची? कोरकू, गोंडी आणि निहालीच्या संदर्भात

‘कोरकू बोली’, ‘गोंडी बोली’ हे शब्दप्रयोग मराठी लेखनात सर्रास आढळतात. मला ते चुकीचे वाटतात. ‘या बोलीवर व्यवहार ठरला’ यातील अट आणि लिलावातील बोली बाजूला ठेवली, तर भाषेच्या संदर्भात हा शब्द प्रामुख्याने दोन अर्थांनी येतो: लेखी भाषेहून वेगळी अशी रोजच्या बोलण्यातली भाषा, आणि वऱ्हाडी किंवा मालवणीसारखे एखाद्या भाषेचे प्रादेशिक वा सामाजिक रूप. या दुसऱ्या अर्थात षष्ठी गृहीत असते. बोली ही कशाची तरी बोली असते.

मग कोरकू कशाची बोली? मेळघाटात मराठीच्या शेजारी नांदणारी ही भाषा मुंडा कुळातील, म्हणजे संताळी आणि मुंडारी यांची नातलग आहे. मराठीत नसलेले द्विवचन तिच्यात आहे. तिचे नावही तिच्याच व्याकरणातून घडले आहे, कारण ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. गोंडी तर द्राविडी कुळातील. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहालीचे नाते कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत षष्ठीची जागा रिकामीच राहते.

लिपी नाही म्हणून बोली, हे म्हणणेही टिकत नाही. मराठी मोडीत लिहिली गेली आणि देवनागरीतही, पण भाषा एकच राहिली. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संताळीसाठी ओल चिकी लिपी घडवली. त्याआधीही संताळी भाषाच होती.

अधिक नुकसान करणारा समज असा की, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषा तेवढ्या भाषा आणि बाकीच्या बोली. २०११ च्या जनगणनेनुसार एक कोटीहून अधिक लोकांची मातृभाषा असलेली भिली आणि सुमारे तीस लाखांची गोंडी, दोन्ही या अनुसूचीबाहेर आहेत. भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणाविषयीचे कलम ३५०-क मात्र ‘मातृभाषा’ हा शब्द वापरते आणि अनुसूचीची अट घालत नाही. वर्गात मुलाच्या भाषेला बोली म्हटले की ती सुधारण्याची गोष्ट ठरते, आणि पहिलीतले मूल गप्प बसते. म्हणून हा वाद मला केवळ कोशातला वाटत नाही.

तेव्हा ‘कोरकू भाषा’, ‘गोंडी भाषा’, ‘निहाली भाषा’ असेच लिहावे. ‘बोली’ हा शब्द कोरकूच्या मवासीसारख्या रूपांसाठी वापरावा, कारण तिथे षष्ठी खरी आहे.