'सीमलेस'ला मराठीत काय म्हणावं? आणि त्यातल्या वितळून जाणाऱ्या मेणाला?

वास्कोकर
मी हवेच्या रबरी होड्या दुरुस्त करतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद असते, तेव्हा सगळा माल आमच्याकडे येतो. होडी फुगवायची आणि ब्रशने साबणाचं पाणी फिरवायचं. कापडावर काही दिसत नाही, पण चिकटवलेल्या पट्टीच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ उठते. हवा बहुतेकदा सांध्यातूनच जाते. ऊन आणि खारं पाणी सांधा सैल करतात, आणि आषाढातल्या दमट हवेत नवा गोंद नीट धरत नाही.

म्हणून सांधाच नसलेल्या फुगत्या वस्तू कशा करतात, यावर शिकाऊ मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. मेणाचा आकार करायचा, त्यावर रबराचे थर चढवायचे, रबर पक्कं झालं की मेण वितळवून तोंडातून ओतून टाकायचं. दोन शब्दांवर अडलोय. 'सीमलेस'ला 'बेजोड' लिहिलं, पण ते खटकतंय. आणि त्या मेणाच्या आकाराला काय म्हणू? तात्पुरता साचा?

म्हापश्याची
बेजोड नको, बिनजोड तर नकोच. बिनजोड म्हटलं की आखाड्यातला पैलवान उभा राहतो. तिथे जोड म्हणजे तोडीचा गडी. 'अखंड' ऐकलं की आधी नामसप्ताह आठवतो. 'सलग' जमिनीला आणि दिवसांना शोभतो. 'एकसंध' अर्थाला सगळ्यांत जवळचा, त्यात 'संध' आहेच. पण एकसंध वस्तू माझ्या डोळ्यांपुढे भरीव येते, पोकळ नाही.

मी साधं 'बिनसांध्याचा' म्हणेन. स्वयंपाकघरात बघा. चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळताना फुटते ती कातलेल्या कडेनेच, आणि सारण तेलभर होतं. पुरीला मिटलेली कडच नाही. एकाच लाटीच्या पोटात वाफ धरते आणि दोन पापुद्रे सुटतात. तुमच्याकडे येतात त्या नेवऱ्या. तुम्हाला हवी आहे पुरी.

डिचोलीकर
वास्कोकरबाब, मेणाची युक्ती फार जुनी. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची कांस्य नर्तकी याच रीतीने ओतलेली. संस्कृतात मेणाला 'मधूच्छिष्ट' म्हणतात, मध काढून घेतल्यावर उरलेलं. 12व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मूर्ती ओतण्याची ही कृती सविस्तर आहे. ते घराणं आपल्याला परकं नाही. सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य, त्याची मुलगी आपल्या गोव्याच्या कदंब राजाला, दुसऱ्या जयकेशीला दिलेली.

पण एक फरक सोडू नका, शब्द त्यावरच ठरतो. मूर्तीत मेण म्हणजे खुद्द मूर्ती. साचा असतो तो बाहेरचा मातीचा लेप. मेण जातं, त्याच्या जागी धातू येतो. तुमच्या कामात मेणाच्या जागी हवा येते. तुमचं मेण आतून आकार धरतं, म्हणून तो साचा नव्हे, गाभा. साचा बाहेरून, गाभा आतून.

जाता जाता: 'एकाच मुशीतले' असं आपण सर्रास लिहितो, पण मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. आकार देतो तो साचा. टिपणात मूस घालू नका.

वास्कोकर
'गाभा' आणि 'बिनसांध्याचा', दोन्ही पटले. आता 'तात्पुरता' या शब्दाबद्दल. स्लॅबचं सेंटरिंग तात्पुरतंच, चपलेचा फर्माही काढूनच घेतात. रबरी हातमोजे चिनी मातीच्या हातावर बुडवून करतात, आणि मोजा उलटून काढला की तोच हात पुन्हा बुडवायला तयार. फुग्याचंही तसंच. अमेरिकेत 1931मध्ये नील टिलॉटसनने मांजराच्या तोंडाचा पुठ्ठा कापून लॅटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या पातळ चिकात, बुडवला होता. त्याआधी 1824मध्ये मायकल फॅरेडेने केलेला फुगा मात्र रबराचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कडा दाबलेला होता, आतून चिकटू नये म्हणून पीठ लावलेला. म्हापश्याच्या ताईंचं ऐकून वाटलं, ती नेवरीच!

पण बुडणाऱ्याला टाकतात त्या कड्याचा विचार करा. तो बिनसांध्याचा केला, तर आतला गाभा अख्खा निघणार कुठून? ताणून काढायला वाटच नाही. तिथे गाभ्याला रूप सोडूनच बाहेर यावं लागतं. हे 'तात्पुरता'त येत नाही.

म्हापश्याची
'गळता गाभा' असं मनात आलं होतं, पण होडीच्या टिपणात 'गळता' हा शब्द घातकच. 'लोपगाभा' पोथीतला वाटतो. एकच शब्द कशाला हवा? गाभा बाहेर कसा येतो, तेच नावात घाला. मेण असेल तर 'वितळता गाभा', पाण्यात जाणारा असेल तर 'विरघळता गाभा'. नाव वाचूनच मुलाला कळेल, शेगडी घ्यायची की बादली.

डिचोलीकर
उत्तम. आणि मुलांना तापमान सांगा. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. त्याहून जास्त उष्णतेवर पक्कं होणारं रबर त्यावर चालणार नाही, आत गाभाच वितळून बसेल. हवेवर वाळणारं लॅटेक्स घ्या. 70 अंशांना वितळणारा वुड्स मेटल नावाचा मिश्रधातूही असतो, पण त्यात शिसं आणि कॅडमियम आहे. मुलांच्या हाती तो नको.

वास्कोकर
वुड्स मेटल काढून टाकला. पाण्यात जाणाऱ्या गाभ्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ठेवलंय. परिच्छेद आता असा झालाय: 'वितळत्या गाभ्यावर लॅटेक्सचा एक थर द्यावा, तो वाळला की दुसरा. रबर पक्कं झाल्यावर वस्तू गरम पाण्यात धरून मेण तोंडावाटे ओतावं, आणि आत राहिलेली मेणाची साय पुन्हा गरम पाण्याने खळबळून काढावी. मेण ज्या तोंडातून बाहेर आलं, त्याच तोंडात व्हॉल्व बसवावा, म्हणजे वेगळं भोक पाडावं लागत नाही.'

म्हापश्याची
'धरून' नको, 'बुडवून' लिहा. बाकी तसंच राहू दे.