फाइल बदलायची तर कमांडच शिका, संकेतस्थळं सोडा

खटपट्या (धागाकर्ता):
चारशे फोटो लहान करायचे होते. मित्र एकेक फोटो कुठल्याशा संकेतस्थळावर चढवत बसला होता. मी इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्रामला कमांडची, म्हणजे टंकून द्यायच्या हुकमाची, एक ओळ लिहिली: लांब बाजू १६०० पिक्सेल, दर्जा ८५. झालं काम. लोक ओळखपत्रं, करारनामेसुद्धा अनोळखी सर्व्हरवर बिनदिक्कत चढवतात, याचं तर नवलच वाटतं. वर्षातून चारदा जरी फाइली बदलाव्या लागत असतील तरी कमांड शिकाच.

साडेमाडे:
शिकायला गेलो होतो ना! मोग्रिफाय चालवलं, इमेजमॅजिकचंच एक हत्यार. ते नवी प्रत काढत नाही, मूळ फाइलवरच लिहितं, हे मागाहून कळलं. सहलीचे फोटो गेले, उरले ते टिकलीएवढे. कमांड लिहायच्या त्या काळ्या खिडकीत ‘नक्की ना?’ असं विचारायला कोणी नसतं.

खटपट्या:
मोग्रिफायला वेगळा फोल्डर नेमून देता येतो, मग मूळ फाइलींना हात लागत नाही. आणि एकदा जमलेली ओळ टिपून ठेवली की पुढच्या वर्षी तीच चालते. अठरा क्लिक कुठे टिपून ठेवणार?

शाईदौत:
मी कमांडवालाच, पण पीडीएफ इमेजमॅजिकमधून काढू नका. ते पानाचं चित्र करतं, तेही मुळात ७२ डीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ ठिपके. अक्षरं फुटतात, मजकूर निवडता येत नाही. मग घनता ३०० करा, फाइल फुगते. लेखनासाठी पॅनडॉक बरं, ते मजकुराची फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात नेतं. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ मध्ये सुरू केलेलं. मार्कडाउनचं, म्हणजे साध्या खुणा घालून लिहिलेल्या मजकुराचं, वर्ड झकास करतं, पीडीएफ मात्र वाचत नाही. पीडीएफ लिहायला ते आपणहून पीडीएफलाटेक हे पानं जुळवणारं इंजिन घेतं आणि देवनागरी दिसली की अडून बसतं. त्याऐवजी त्याचंच भावंड झीलाटेक निवडा, वर देवनागरी फॉन्टचं नाव द्या, तेव्हा कुठे जोडाक्षरं नीट येतात. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

साडेमाडे:
म्हणजे एका मराठी पत्रासाठी एवढं सव्यापसव्य! लिबरऑफिस या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये पीडीएफचं बटण आहे. तेही आपल्याच संगणकावर चालतं, फाइल बाहेर जात नाही. मग खाजगीपणाचं श्रेय एकट्या कमांडला का?

खटपट्या:
हे मात्र मान्य, तिथे मी दोन गोष्टींची गल्लत केली. एका पत्राला बटणच बरं. पण तेच लिबरऑफिस खिडकी न उघडता, एका ओळीत, फोल्डरभर पत्रांचं पीडीएफ करतं.

साडेमाडे:
फोल्डरभर पत्रं लिहितं कोण?

शाईदौत:
मी. दर महिन्याला.