पाळकसाहेबांची बदली झाली आणि मंडळी बिथरली. काय करावं?

नेवाशाचा सेक्रेटरी
सगळ्यांना सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) लहान, जेमतेम चाळीस घरं. मे महिन्यात पाळकसाहेबांची बदली झाली, नवे अजून आले नाहीत. आळीपाळीने एकेक पंच उपासना चालवतो. तरुण संघाला गिटार, ड्रम आणि प्रोजेक्टर हवा. म्हाताऱ्यांना ‘उपासना संगीत’ हे जुनं गीतपुस्तक आणि पेटी-तबला. त्यात तीन घरं पत्र्याच्या शेडमधल्या नव्या प्रार्थनासभेला जायला लागली. पंच म्हणतात, सभा बोलावून हात वर करून निकाल लावू. माझं मन घेत नाही.

तरुण संघ, पुणे
लावा की निकाल. नाहीतर दहा वर्षं हेच चालेल.

निवृत्त पाळक, नगर
सेक्रेटरीसाहेब, हात मोजू नका. बावीस-अठरा झालं की ती अठरा घरं पुढच्या रविवारी कुठं बसतील?

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेव्हा मी शाळेत होतो, वडील पंच होते. आपल्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. नगरला 1831 पासून काम, पण बिशप हा प्रकारच नाही. मंडळीचं मंडळी बघायची. आणि एकदम बिशप आले! झगा कशाला, मेणबत्ती कशाला, यावरून चावडीवर वाद. पण खरी धास्ती दोनच गोष्टींची होती: बाळांचा बाप्तिस्मा बंद होणार का, आणि जमीन कोणाच्या नावावर जाणार. बाप्तिस्म्याचं उत्तर सोपं होतं. फक्त मोठ्यांना बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही आत आले होते, म्हणून बाळांचा आणि मोठ्यांचा, दोन्ही चालू राहिले. वडिलांनी ते घरोघर जाऊन सांगितलं, विषय मिटला. जमिनीचं कोणी धड सांगितलं नाही. ती कुजबुज मी पाळक झालो तरी चालूच होती.

तुमच्याकडे गिटार निमित्त आहे. नवे पाळक येणारच नाहीत की काय, ही भीती आहे. दर रविवारी सूचना वाचताना त्याबद्दल बोला. काही कळलं नसेल तर तसंच सांगा. अर्पणाचा हिशेब फळ्यावर लिहा. पाळक नसले की पहिला संशय खजिनदारावर येतो.

प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) शेजारचे पाळक बोलवा आणि त्या रविवारी जुनी पद्धत अजिबात हलवू नका. दुसरा एक रविवार तरुणांना द्या, अट एवढीच की एक जुनं गीत त्यांनी पेटीवाल्या मामांकडून शिकून म्हणायचं. आणि म्हाताऱ्यांना हळूच आठवण करून द्या: कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन उपासनेत रुजवलं, त्याआधी विलायती चालींवर मराठी शब्द बसवून गाणं सर्रास चाले. त्यांची पेटीसुद्धा एकेकाळी नवीच होती.

शेडमध्ये जाणाऱ्या घरी चहाला जा, वाद घालायला नको. आमच्याकडची एक बाई अशीच जायची. कारण विचारलं तर म्हणाली, “तिथं माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करतात. तुम्ही नुसतं ‘सर्व आजाऱ्यांसाठी’ म्हणता.” मग आम्ही उपासनेच्या आधी आजाऱ्यांची नावं चिठ्ठीवर घ्यायला लागलो.

वसईकरीण
आम्ही कॅथलिक, पण गोष्ट तीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मिस्सा (आमची मुख्य उपासना) मराठीत आली. आमची आजी लाल लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसायची आणि मिस्साभर रोझरीच (माळेचा जप) म्हणायची. फादरांनी तिला कधी टोकलं नाही. एवढी सवलत द्याच.

नेवाशाचा सेक्रेटरी
सभेची नोटीस लागली आहे, आता रद्द होत नाही. हात वर करणं तेवढं काढून टाकतो. चिठ्ठ्यांचं उद्यापासूनच. फळ्याची पंचाईत आहे, खजिनदार माझे सख्खे मेव्हणे. म्हणतील, घरातल्याचाच भरवसा नाही!

निवृत्त पाळक, नगर
मग त्यांनाच लिहायला लावा. खडू तुम्ही आणून द्या.