परदेशातून पोस्टकार्डं पाठवणं आणि आठवणीच्या वस्तू घेणं: काय सांभाळावं?

प्रश्न: सहलीची_यादी
दहा दिवसांची परदेश सहल आहे, सामान फक्त केबिन बॅगेपुरतं. बारा जणांना पोस्टकार्डं पाठवायची आहेत. ती पोचावीत आणि वाचता यावीत यासाठी काय करायचं? शिवाय फ्रिजवरची चुंबकं आणि चावीच्या साखळ्या सोडून, त्या जागेशी खरं नातं असलेली वस्तू दुकानात ओळखायची कशी? विमानतळावर काय अडकतं?

निळी_शाई
पोस्टकार्डांपुरतं सांगतो. पत्ते घरीच स्टिकरवर छापून न्या. घाईत हाताने बारा पत्ते उतरवताना पिनकोडातला एखादा आकडा चुकतोच. स्टिकर कार्डाच्या उजव्या अर्ध्या भागात लावा आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. कार्ड जिथून निघतं तिथल्या पोस्टाला मुख्यतः तेवढंच बघायचं असतं. तळाची साधारण दीड सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा. यंत्र तिथे बारकोड छापतं किंवा चिकटवतं, मग तुमची शेवटची ओळ गेलीच.

तिकिटं आधी लावा, मजकूर नंतर लिहा. एका तिकिटात दर भागला नाही तर दोन-तीन लावावी लागतात आणि ती लिहिलेल्यावर बसतात.

शाईचं फार महत्त्वाचं. बऱ्याच कार्डांची मागची बाजूही गुळगुळीत असते. जेल पेनाची शाई तिथे मुरत नाही, वरच राहते आणि पुढच्या कार्डाला लागते. कोपऱ्यात एक ठिपका काढा, दहा सेकंदांनी अंगठा फिरवा. पसरला तर बॉलपेन घ्या.

तिकीट ज्या देशात कार्ड पेटीत टाकणार त्याच देशाचं हवं. व्हॅटिकनचं तिकीट लावलेलं कार्ड चार पावलांवरच्या इटलीच्या पेटीत टाकलं तर ते चालत नाही. काही पर्यटनस्थळी दुकानदार कार्डासोबत खासगी कंपनीची तिकिटं देतात. ती त्या कंपनीच्याच पेटीत टाकावी लागतात, सरकारी पेटीत टाकली की कार्ड अडकतं. तिकिटावर देशाचं नाव आहे ना, ते बघा. (अपवाद ब्रिटनचा: तिथल्या तिकिटावर नाव नसतं, राजा किंवा राणीचं मस्तकचित्र असतं.) शंका असेल तर सरळ पोस्टाच्या खिडकीवर घ्या.

साधं १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड उत्तम. चौकोनी, लाकडी किंवा फार मोठ्या कार्डाला जास्त दर पडू शकतो. आणि कार्डं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच टाका. शेवटच्या दिवसावर ठेवलेली बहुधा बॅगेतूनच घरी येतात.

उलटी_बाजू
वस्तू उलटी करून बघा, निम्मा निकाल तिथेच लागतो. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात पुढच्या बाजूची नक्षी मागेही स्वच्छ दिसते आणि टोकाच्या झालरीचे धागे ताण्याचेच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचेच असतात. झालर वेगळी शिवलेली असेल तर सावध व्हा. लाकडी ठशांनी छापलेल्या कापडात रंग मागे उतरतो आणि दोन ठसे जुळतात तिथे केसभर सरक असते. ती सरक कुठेच नसेल तर कापड यंत्रावर छापलेलं असण्याची शक्यता जास्त. मातीच्या भांड्यावर उभी बारीक शिवण दिसली की ते साच्यातलं. साच्यातलं वाईट नव्हे, पण हाताच्या कामाचा भाव देऊ नका. जुन्या किंवा माहिती नसलेल्या झिलईत शिसं असू शकतं, असं भांडं शोभेपुरतंच ठेवा. चांदीवर ९२५ म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: कुठे केलं, कोणी केलं, किती वेळ लागला. माल खरा असेल तर तो सहसा खुलून बोलतो.

केबिन बॅगेला माझं मत कापड आणि कागदाला. हातमागाचा टॉवेल, छापील नकाशा, तिथल्या छापखान्यातलं चित्र. शहराचं नाव छापलेली वस्तू नको, तिथले लोक रोज वापरतात ती घ्या.

जकात_खिडकी
हस्तिदंत, कासवाची पाठ, प्रवाळ यांना हात लावू नका. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स करारामुळे अशा बऱ्याच गोष्टींना परवाना लागतो, आणि दुकानात उघड मिळते म्हणजे नेता येते असं नव्हे. वाळू, गोटेही नकोत. सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू नेल्यास ५०० ते ३,००० युरो दंड आहे.

साल असलेलं लाकूड, बिया, गवताच्या वस्तू ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जाहीर कराव्या लागतात. जाहीर केली तर वस्तू फार तर जाईल, लपवली तर दंडही होतो. पुरातन वस्तूला निर्यात परवानगी लागते का, ते पैसे देण्याआधी विचारा. पाणी भरलेला काचेचा बर्फगोळा केबिनमध्ये द्रवच धरला जातो, १०० मिलिलिटरची मर्यादा जिथे आहे तिथे ती त्यालाही लागते.

खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा हवा असेल तर बॅग जमा करण्याआधी जकातीचा शिक्का घ्या. वस्तू न वापरलेली आणि दाखवता येईल अशी हवी.

सहलीची_यादी
जेल पेनं यादीतून काढली. कार्ड पाकिटात घालून पाठवलं तर?

निळी_शाई
घासणार नाही, पण पत्राचा दर पडेल आणि तिथला शिक्का पाकिटावर उमटेल, कार्डावर नाही. शिक्का हवा असेल तर उघडंच पाठवा. पेटीत न टाकता पोस्टाच्या खिडकीवर द्या आणि हाताने मारायला सांगा. बहुतेक जण आनंदाने मारतात.