मदत हवी आहे: आठ दिवसांत वर्षाचा गहू येतोय, ठेवायला जागाच नाही

पारिजात
नमस्कार. ओट्यावर पोळपाट ठेवण्याइतकीही जागा उरलेली नाही, माळा गच्च भरलाय आणि पुढच्या रविवारी गहू-तांदूळ येतायत. ट्रॉल्या करून घेऊ की मोठी कोठी आणू? लवकर सांगा, धान्य परत पाठवता येणार नाही.

कोठार
गहू किती, तांदूळ किती? घरात माणसं किती? ओट्याखाली सध्या काय आहे? घर स्वतःचं की भाड्याचं? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचेच होईल.

निशिगंध
ट्रॉल्याच करा. ओट्याखालची दोन फूट खोली नुसत्या फळ्यांवर कधीच पूर्ण वापरात येत नाही, मागचं सामान मागेच राहतं. २० इंची चॅनल (ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी) घेतलं की शेवटचा डबासुद्धा हाताशी येतो. जाळीची बास्केट घेताना तार स्टीलचीच आहे ना ते पाहा. नुसत्या मुलाम्याची असेल तर जोडांपासून गंज धरते.

पारिजात
गहू एक क्विंटल, तांदूळ २५ किलो. आम्ही तिघं. वन बीएचके, स्वयंपाकघर नेहमी असतं तेवढंच. ट्रॉल्या आठ दिवसांत होतील का?

सुतारपक्षी
होणार नाहीत. माप घेऊन, कापून, बसवून द्यायला पंधरा-वीस दिवस धरा. आणि झाल्या तरी त्यात धान्य ठेवू नका. साध्या टेलिस्कोपिक चॅनलची जोडी ३५ ते ४५ किलो पेलते. त्यावर गव्हाचे चार डबे चढवले तर काही महिन्यांत ट्रॉली पुढून खाली वाकते, मग दार घासायला लागतं. ट्रॉली ताटं-वाट्या, चमचे, रोजच्या डब्यांसाठी चांगली. साठवणीचं वजन जमिनीवर असावं.

'नेहमी असतं तेवढंच' हे माप होत नाही. टेप लावा आणि आकडे टाका.

निशिगंध
जड वजनाची चॅनलंही मिळतात की.

सुतारपक्षी
मिळतात. पण वर्षातून पन्नास वेळा उघडायच्या धान्यासाठी तो खर्च कशाला? त्यापेक्षा १९ मिमी प्लायच्या फळीला चार चाकं ठोकली तरी तेच काम होतं.

चाफेकळी
कपाटातली जागा वाढवायची असेल तर साड्या हँगरला न लावता घडी घालून उभ्या रचाव्यात, एका कप्प्यात दीडपट मावतात. रेशमी आणि जरीच्या साड्या धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळाव्यात, प्लास्टिकमध्ये नको, आत दमटपणा कोंडतो. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालावी, नाहीतर जुन्या घडीवर साडी विरते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत, जर काळी पडते.

पारिजात
कपाटाचं नाही हो विचारलं. धान्याचं सांगा.

कोठार
चाफेकळीताईंच्या डांबरगोळ्यांवरून एक सांगतो. त्या धान्याच्या आसपासही नकोत. तो वास धान्य धरून ठेवतं आणि त्या गोळ्या विषारीही असतात. कपड्यांसोबत पलंगाच्या पेटीत धान्य ठेवणारे बरेच जण हीच चूक करतात.

आता कोठीबद्दल. ५० किलो गव्हाला साधारण ६५ ते ७० लिटरची कोठी लागते. वर्षभर दर आठवड्याला तिचं झाकण उघडणार, पावसाळ्याची दमट हवा दर वेळी आत जाणार. एकदा टोके पडले की सगळे ५० किलो चाळत बसा. म्हणून कोठी नको. तेलाचे १५ किलोचे चौकोनी पत्र्याचे डबे घ्या, एकात सुमारे १४ किलो गहू बसतो. एका वेळी एकच डबा उघडा राहतो, बाकीचे बंदच. कीड लागली तरी एका डब्यापुरती. क्विंटलला ८ डबे, तांदळाला २, एकूण १०.

चौकोनीच का, तर गोल डबे शेजारी-शेजारी ठेवले की कोपऱ्यांतली २१ टक्के जागा फुकट जाते. ओट्यावरच्या बरण्यांनाही हेच लागू आहे.

दक्षिणवारा
तिघांना क्विंटलभर गहू एकदम भरायचाच कशाला? गहू वर्षभर मिळतो. महिन्याला ८-१० किलो आणा, जागेचा प्रश्नच मिटतो.

कोठार
उन्हाळ्यातला नवा, कोरडा गहू एकदाच पाखडून-निवडून ऊन देऊन भरला की वर्षभर एकसारखी पोळी होते. दर महिन्याला वेगळा गहू आला की पीठ मळताना पाण्याचा अंदाज चुकतो. शिवाय पावसाळ्यात विकत घेतलेला गहू आधीच दमट असतो, तो ऊन द्यायला ऊन कुठून आणणार?

दक्षिणवारा
हे ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. एवढ्याशा स्वयंपाकघरात साठवणीचा आग्रह म्हणजे माणसांची जागा धान्याला देणं. गहू कोणता आहे, लोकवन की सिहोर?

कोठार
जागेला फरक पडत नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो. लोकवन म्हणजे 'लोक-१', गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत काढलेलं वाण. सिहोर म्हणजे मध्य प्रदेशातल्या सिहोर भागातला शरबती. दोघांचीही साठवण सारखीच.

पारिजात
लोकवन आहे. मापं घेतली. स्वयंपाकघर ७ बाय ८. ओटा ८ फूट लांब, २ फूट खोल, खाली मोकळी उंची ३० इंच. ओट्याखाली सिंकची बाजू, मग दोन सिलिंडर, मग पितळी भांडी. ओट्यावर मिक्सर, पाण्याचं फिल्टर, मायक्रोवेव्ह, बरण्या. घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडलेलं मालकांना चालत नाही.

कोठार
दोन सिलिंडर! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. इमारतीत पाइप गॅस आहे का?

पारिजात
आहे. आम्ही घेतला नाही अजून.

कोठार
मग मालकांची संमती घेऊन आजच अर्ज करा. एका सिलिंडरचा व्यास साधारण ३२ सेंटीमीटर, दोन मिळून ओट्याखालची जवळजवळ २६ इंच लांबी अडवतात. पाइप गॅस सुरू झाला की दोन्ही एजन्सीला परत करून अनामत घ्या. शेगडीचे जेट बदलावे लागतात, ते कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, घरी सुई घालून भोक मोठं करू नका. जोडणीला मात्र वेळ लागेल, गहू त्याआधी येणार. तोवर ओट्याला दारं लावून सिलिंडर आत कोंडू नका. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून जमिनीलगत हवा खेळती हवी.

निशिगंध
सिंकखालीही जागा आहे की, तिथे चार डबे बसतील.

सुतारपक्षी
सिंकखाली धान्य अजिबात नको. पाइपच्या जोडातून थेंबभर पाणी ठिबकलं तरी डब्याचा तळ गंजतो आणि ते वरून दिसत नाही. तिथे साबण, घासण्या, फिनेल, कचऱ्याच्या पिशव्या. पाइप जमिनीत जातो तिथली फट सिमेंटने बुजवा, झुरळं तिथूनच येतात.

माळ्यावरही १४-१४ किलोचे डबे चढवू नका. डोक्यावरून वजन उतरवताना तोल जातो. माळा हलक्या आणि वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूंचा: आकाशकंदील, मखर, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र. प्रत्येक खोक्यावर समोरून दिसेल असं नाव लिहा आणि माळ्यात काय काय आहे त्याची यादी दाराच्या आतून चिकटवा. यादीत नसलेली वस्तू वर जाणार नाही एवढं पाळलंत तर माळ्याचा तिसरा हिस्सा रिकामा होईल.

पारिजात
पण मग १० डबे ठेवू कुठे? पलंगात?

सुतारपक्षी
पलंगाची पेटी आतून साधारण १२ इंच उंच असते, डबा १४ इंच. आडवा ठेवलात तर झाकणातून दाणे सांडतील. तुमच्या घरात याला एकच चांगला उपाय दिसतो. बाहेरच्या खोलीत डब्यांचं बाकडं करा.

डब्याचा तळ सव्वानऊ इंची चौकोन. पाच-पाच डब्यांच्या दोन ओळी लावल्या की १९ इंच रुंद आणि ४७-४८ इंच लांब चौथरा होतो. खाली एक इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या टाका, म्हणजे फरशीचा गारवा तळाला लागत नाही. वर १९ मिमी प्लाय आणि तीन इंची गादी. उंची अशी जुळते: पट्टी १, डबा १४, प्लाय पाऊण, गादी ३, मिळून पावणेएकोणीस इंच. खुर्चीएवढीच. दोघांनी आरामात बसावं. प्लायचे २४-२४ इंचांचे दोन तुकडे करा, म्हणजे एक डबा काढताना निम्मंच बाकडं उघडावं लागेल. भोक नाही, खिळा नाही, घर सोडताना उचलून न्या.

दक्षिणवारा
झाकणावर माणूस बसला की पत्रा दबेल आणि झाकण उघडणारच नाही.

सुतारपक्षी
कडीचं झाकण वर उंच राहतं, त्यावर प्लाय टेकला तर दबेल, हे खरं. म्हणून मध्ये खोलगट बसणारं गोल दाबाचं झाकण लावून घ्या, म्हणजे वजन डब्याच्या चारही कडांवर जातं. भरलेला डबा कडेवर माणसाचं वजन सहज पेलतो. रिकामा होत आलेला डबा कधीच टोकाला ठेवू नका, मधोमध सरकवा. त्यावर उड्या मारणारं लहान मूल घरात असेल तर आधी सांगा.

पारिजात
मूल नाही, सासूबाई आहेत. त्यांना बसायला उलट बरंच होईल. बाहेर खिडकीखाली पाच फूट भिंत रिकामी आहे, तिथे लावते. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते फक्त.

कोठार
मग तिथे नाही! ओलीच्या भिंतीपाशी जून ते सप्टेंबर डबे ठेवलेत तर बाहेरून गंज, आतून कोंदट वास आणि किड्यांची जाळी. आतल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावा, आणि तिथेही भिंतीपासून दोन इंच सोडून.

पारिजात
बेडरूमला लागून असलेली भिंत आहे. तिथे चपलांचं स्टँड आहे, ते दाराबाहेर हलवते.

चाफेकळी
चपलांचं स्टँड जिन्यात ठेवू नका, सोसायट्या हरकत घेतात. येण्याजाण्याची वाटही अडते.

कोठार
भरायची रीत नीट पाळा, नाहीतर बाकडं छान आणि गहू खराब असं व्हायचं. तेलाचे डबे गरम पाणी आणि सोड्याने दोनदा धुवा, मग दोन दिवस कडक उन्हात उपडे घाला. तेल राहिलं तर ते खवट होऊन गव्हाला वास लागतो. गव्हाला दोन-तीन उन्हं द्या. दाणा दाताखाली कट्ट वाजला की झाला. उन्हातून काढून लगेच भरू नका, रात्रभर सुती चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम गहू डब्यात बंद केला की झाकणाला आतून घाम सुटतो आणि बुरशी तिथून सुरू होते. हे सगळ्यात जास्त चुकतं.

सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, तळाला, मध्ये, वर. ओला पाला घातलात तर तोच ओल देईल.

निशिगंध
किलोला छोटा चमचाभर एरंडेल चोळलं की पुरतं.

कोठार
तेही चालतं. पण हाताला चमक दिसेल इतपतच, थपथपीत नको. नाहीतर दळताना पीठ गिरणीच्या जाळीला चिकटतं.

दक्षिणवारा
दुकानदार गोळ्या देतात त्या टाका, पाला-तेल काही लागत नाही.

कोठार
नाही. कृपा करून नाही. त्या गोळ्या दोन प्रकारच्या निघतात. काही पाऱ्याच्या, काही ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. दुसरी हवेतल्या ओलीने फॉस्फिन वायू सोडते. तो माणसालाही मारतो, आणि तुम्ही तर त्या डब्यांवर बसणार आहात. ते गोदामातलं, प्रशिक्षित माणसाचं काम. राहत्या घरात गोळी आणूच नका. बोरिक पावडरही गव्हाला नको. तांदूळ-डाळ आपण धुऊन घेतो, गहू न धुता दळतो. लावलेलं सगळं पिठात जातं.

दक्षिणवारा
हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो.

पारिजात
ठीक, धान्याचं कळलं. ओट्याचं काय? भोक पाडता येत नाही.

निशिगंध
चिकटवायचे हूक लावा.

सुतारपक्षी
ते गुळगुळीत टाइल्सवर टिकतात, पण शेगडीपासून किमान दोन फूट लांब. आधी सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा, स्पिरिटने पुसा, चिकटवल्यावर २४ तास काही अडकवू नका. सांध्यावर लावू नका. चमचे, गाळणी, चिमटे, झारा एवढंच वजन.

खरी जागा मायक्रोवेव्हमुळे अडलीय. ओट्यावर बसणारी चार पायांची स्टीलची मांडणी मिळते, आत मायक्रोवेव्ह, वर बरण्या. घेताना मायक्रोवेव्हच्या वर आणि बाजूंना हवा जायला त्याच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेली जागा राहते ना, ते मोजा. कांदे-लसूण शिंक्यात टांगा. माळ्याच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला बांधता येतं, हवा लागते, कोंब उशिरा येतात. बटाटे वेगळे, अंधारात.

सिलिंडर गेले की तिथे चाकांची फळी. २४ बाय २० इंच, १९ मिमी प्लाय, दोन इंची चार चाकं, पुढची दोन ब्रेकची. त्यावर मिक्सर, त्याची भांडी आणि पितळी पातेली उतरंडीसारखी एकात एक. प्लायच्या कडांना पट्टी मारून घ्या, नाहीतर लादी पुसताना पाणी पिऊन कडा फुगतात.

पारिजात
उद्या डबेवाल्याकडे जाते. झाकण नेमकं काय सांगून मागू?

कोठार
'मधलं गोल दाबाचं झाकण, सहा इंची.' तोंड सहा इंचांपेक्षा लहान घेऊ नका, पेला धरलेला हात आत जायला हवा. दुकानातच झाकण लावून डबा उलटा करून पाहा. आणि कापलेली कड आत वळवून घेतलेली आहे का, ते बोट न लावता कापसाने तपासा. कापूस अडकला तर डबा बदलून मागा.