युरियाची बादली फेका, हायड्रोजन भरा?

रिकामी_परीक्षानळी: काल ‘उद्याचं इंधन’ यांनी इथे लिहिलं, ‘बीएस-६ ट्रकमधला युरिया बंद करा, धुरात थोडा हायड्रोजन सोडा, प्लॅटिनम नॉक्सचं पाणी करतं.’ नवख्यांसाठी: बीएस-६ या धूर-नियमाच्या ट्रकमध्ये युरियाचं पाणी धुरात फवारतात, ते नॉक्सचा, म्हणजे विषारी नायट्रोजन ऑक्साइडांचा, साधा नायट्रोजन करतं; हायड्रोजनच्या युक्तीत प्लॅटिनम हा उत्प्रेरक. रात्रभर डोक्यात भुणभुण चालली होती, म्हणून लिहितोय. अहो, पाणी होतं ते हायड्रोजनचं. नायट्रोजन कुठे जातो? एन-टू, म्हणजे हवेतला साधा नायट्रोजन, झाला तर उत्तमच. पण प्लॅटिनम जिथे सगळ्यात जोरात चालतं, त्या १०० ते २०० अंशांच्या पट्ट्यातच एन-टू-ओ, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, सुद्धा निघतो. लाफिंग गॅस म्हणून हसण्यावारी नेऊ नका. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. त्यात डिझेलच्या धुरात ऑक्सिजन बक्कळ. तापमान चढलं की हायड्रोजन नॉक्सला विचारत नाही, सरळ ऑक्सिजनबरोबर जळून मोकळा. भरलेला ट्रक घाट चढतो तेव्हा धूर ३०० अंशांच्या पुढे असतो. मग तुमचा महागडा हायड्रोजन काय करणार? सायलेन्सर तापवणार.

उद्याचं_इंधन: आणि थंड इंजिनाचं काय? २०० अंशांच्या खाली युरियाचा फवारा धड मारता येत नाही, नोझलपाशी युरियाचे खडे धरतात. शहरातली बस दर स्टॉपला थांबते, तोवर नॉक्स तसाच बाहेर. हायड्रोजन नेमका तिथेच चालतो. हे सोयीस्कर विसरलात. शिवाय उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम हा धातूही आहे, जगात एकटं प्लॅटिनमच नाही.

घाटकरी: खडे म्हणालात म्हणून आलो. कसारा घाटात गाडी भरलेली, मागे रांग, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. पिकअप गेला. पहिल्या गिअरमध्ये रडत वर आलो. गॅरेजवाल्याने नोझल काढून हातावर ठेवला, भोवती पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघेना. आधी सेन्सर बदलायला लावला, मग पंप. शेवटी ड्रायव्हर कबूल झाला, ढाब्यावरचं सुटं डीईएफ, म्हणजे धुरात फवारायचं युरियाचं पाणी, भरलं होतं.

नांगरफाळ: सुटं म्हणजे आमच्याच वाट्याची युरिया खताची गोणी पाण्यात कालवलेली! पेरणीच्या वेळी पंचेचाळीस किलोच्या एका गोणीसाठी आम्ही रांगेत, आणि तुम्ही ती धुरात घालवा.

घाटकरी: दादा, मी कालवलं का? माझेच पैसे गेलेत.

रिकामी_परीक्षानळी: शेतातल्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे, त्यात बाययुरेट ही अशुद्धीही जास्त. असं डीईएफ भरल्यावर खडे धरणारच. यात युरियाचा काय दोष?

उद्याचं_इंधन: आला, वकील आला.

रिकामी_परीक्षानळी: बरं, एवढं मानतो. २०२३ मध्ये बंगळुरात दाखवला तसला हायड्रोजन जाळणारा ट्रक असेल तर हायड्रोजन गाडीवरच असतो. ज्वाळेच्या उष्णतेने हवेतूनच नॉक्स होतो, म्हणून तिथेही उत्प्रेरक लागतोच. तिथे युरियाची दुसरी टाकी वाचेल. डिझेल ट्रकवर वेगळं सिलिंडर लावणं मात्र म्हशीपेक्षा रेडकू मोठं.

उद्याचं_इंधन: मोठ्या मनाचे तुम्ही. कालच हेच म्हणालो असतो तर?

रिकामी_परीक्षानळी: म्हणाला नाहीत.

घाटकरी: तो जुना सेन्सर अजून चांगला आहे हो, कुणाला हवाय का?