कन्नड भाषेतला उत्पन्नाचा दाखला इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाला चालतो का?

निपाणीहून: बहिणीला बोलोन्यात एमए करायचंय. विद्यापीठाची स्थापना १०८८ची मानतात, हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही! शिष्यवृत्तीशिवाय जमणार नाही. आमचं तंबाखूचं शेत, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीचा (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय), कन्नडमध्ये.

खानापूरहून: चालतो, ताई. मूळ दाखल्यावर अपॉस्टिलचा शिक्का (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारतात तो), मग इटालियन भाषांतर. कोणत्या वर्षाचं उत्पन्न हे दाखल्यावर स्वच्छ हवं. घरातल्या प्रत्येकाची मिळकत विचारतात, घर-जमीनसुद्धा. उतारा आत्ताच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशापेक्षा वेगळा, मुदतही वेगळी. इथेच हुशार पोरं अडकतात, फार वाईट वाटतं.

बेळगावहून: व्हिसाआधी युनिव्हर्सिटाली या इटलीच्या सरकारी संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करायचीच.

निपाणीहून: सोमवारी नाडकचेरीत जाते. मनापासून आभार, दादा.